ठकूबाई पाथरवटिणीनें थोरल्या महाराजांची आठवण खरी करविली त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास नमन, वाग्देवीस नमन, आणि ज्यांनीं आपुले मुखें खरें सांगितलें त्या थोरांलहानांस नमन करून लिहितों ऐसीजे. शके सोळाशें त्र्यायशीं, वृषनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध त्रयोदशीस प्रातःकाळीं थोरले महाराज कैलासवासी जाहले. वय सत्तर. एकोणिसावे वर्षीं गादीवर बसले आणि एकावन वर्षें राज्य केलें, म्हणोन राज्यांत बहुतेकांस दुसरा राजा ठाऊकच नव्हता. आज्यानें महाराज म्हटलें तेच, आणि नातवानें म्हटलें तेही तेच. वर्तमान कळतांच बाजार कोणी न सांगतां बंद जाहला, आणि कुंभारांनीं चाकें थांबविलीं, आणि कोष्ट्यांनीं मागावरचा धोटा तैसाच ठेवून दिला, आणि मग नदीपावेतों दुतर्फा माणूस उभें राहिलें. मोठ्यानें कोणी रडलें नाहीं. भोयांचीं पावलें धुळींत पडत तीं ऐकूं येत होतीं, इतकें शांत होतें.

तेरावा जाहलियावर नातू धाकटे महाराज, वय चोवीस, गादीवर बसले आणि जिवाजीपंत कारभारी यांचे सल्ल्यानें पहिला हुकूम केला तो ऐसा कीं, थोरल्या महाराजांची बखर करावी; परंतु ती भाटांनीं सांगावी ऐसें नव्हे, ज्या कोणास महाराजांची आपुली आठवण असेल त्यानें चाळीस दिवसांत सदरेवर येऊन सांगावी, कारकुनानें लिहावी, आणि पौषांत भरल्या दरबारीं सर्व वाचावें. आणि त्यांतील एक आठवण निवडून महाराजांचे समाधीवरील छत्रीच्या काळ्या पाषाणावर कोरावी. सदरेवर लिहिणारा कारकून तो हाच लिहिणार. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

मग माणसें आलीं तीं किती म्हणोन सांगावीं. एका धनगरानें सांगितलें कीं गारा पडल्या तेव्हां महाराजांनीं घोड्यावरून उतरोन आपली शाल कोंकरांवर घातली आणि आपण भिजत उभे राहिले. परटानें सांगितलें कीं दसऱ्याचे पागोट्यास इस्तरीचा डाग पडला, तो थरथरत पायां पडला, तों महाराजांनीं जळका पदर आंत घेऊन पागोटें बांधिलें आणि कोणास कळों दिलें नाहीं. एका तांबटानें सांगितलें कीं महाराज त्याचे दुकानीं बसोन दोन घटका घडा ठोकीत राहिले, घडा वांकडा जाहला, मग म्हणाले कीं राज्य करणें यापेक्षां सोपें. ऐसें सांगतां सांगतां माणसें हंसत आणि हंसतां हंसतां डोळे पुशीत. लिहिणाराचा हात दुखे, परंतु उठावेंसें वाटत नसे.

त्यांत सातवणी गांवचा रायाजी पाटील आला. हा गांव राजधानीपासून आठ कोस, मोठ्या तळ्याचे कांठीं. पाटलानें सांगितलें कीं आमचे गांवीं ठकूबाई म्हणोन गरीब पाथरवटीण आहे, नवरा मेलेला. महाराजांनीं तिला बहीण मानिली होती, आणि दरसाल श्रावण वद्य नवमीस एका हुजऱ्यानिशीं तिचे घरीं येऊन बसत आणि तिचे हातची भाकर खात. एवढा राजा, परंतु गरिबाचे अंगणीं बसावयास लाजला नाहीं. ही आठवण ऐकोन सदरेवर सर्वांस गहिंवर आला, आणि लिहिणारानेंही पदरचे दोन शब्द घालून ती सजविली. कारभाऱ्यांनीं तीच पाषाणावर कोरावयाची म्हणोन निवडली, आणि कोरणें चालू जाहलें.

ठकूबाईस कोणीं विचारिलें नव्हतें. गांवांत दवंडी झाली कीं ठकूबाईचें नांव पाषाणावर येतें, तेव्हां तिला कळलें. मार्गशीर्ष वद्यांत, थंडीचे दिवस, अंगावर घोंगडी आणि हातीं काठी घेऊन ती निघाली आणि दोन दिवस चालोन राजधानीस आली. वय पासष्टांचे सुमारास, अंग वाळलेलें, पाठ मात्र ताठ. सदरेवर येऊन कारभाऱ्यांस मुजरा केला आणि म्हणाली, "पाटलानें माझे नांवें लिहविलें आहे तें पुसा. महाराजांनीं मला बहीण मानिली नव्हती."

कारभाऱ्यांनीं हंसोन विचारिलें कीं मग काय मानिलें होतें.

ती म्हणाली, "अपराध मानिला होता."

कारभाऱ्यांनीं तिला पुढें बोलों दिलें नाहीं. म्हातारपणीं दुःखानें चित्त फिरलें असेल ऐसें म्हणोन साडीचोळी द्यावयास सांगितली आणि गाडींत घालून गांवीं पोंचवा म्हणाले. तिनें साडीचोळी घेतली नाहीं आणि गाडींत बसली नाहीं. सदरेच्या पायऱ्या सात, त्यांतील तिसरीवर जाऊन बसली. दुसरे दिवशीं सदर उघडतांच उठोन उभी राहिली, "पुसा" एवढाच शब्द बोलली आणि पुन्हां बसली. तिसरे दिवशीं तैसेंच. लोकांस कळलें कीं ही थोरल्या महाराजांचे नांवास बट्टा लावावयास आली आहे, मग येतांजातां बायका तिला बोलूं लागल्या, एकीनें तिचे पुढें धूळ उडविली, आणि धर्मशाळेंत तिला जागा मिळेना. तेव्हां देवळाचे गुरवानें दया येऊन पडवींत जागा दिली. ती कोणास उलट बोलली नाहीं, आणि पायरीही सोडली नाहीं.

पांचवे दिवशीं दुपारीं सदर उठलियावर हा लिहिणार तिजपाशीं जाऊन बसला. मनांत ऐसें होतें कीं गोड बोलोन घरीं पाठवावी. तिला म्हटलें, बाई, काय झालें तें मला सांग. मग तिनें सांगितलें तें येणेंप्रमाणें.

तिचा नवरा सटवोजी पाथरवट. महाराजांचे राज्याचे नववे वर्षीं, म्हणजे शके सोळाशें एकेचाळिसांत, सातवणीचें मोठें तळें बांधिलें, आणि पाणी सोडावयाची दगडी मोरी सटवोजीनें केली. श्रावणांत पाऊस लागला, बांध फुटला, आणि खालील वस्तींत सतरा माणसें वाहोन गेलीं. महाराज तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे. तिसरे दिवशीं तेथें आले, चिखलांत सतरा मढीं पाहिलीं आणि रागें व दुःखें अंगांत राहिले नाहींत. बांधाचे कामावरील अंमलदारानें सांगितलें कीं पाथरवटानें सांधे कच्चे केले, मोरीच फुटली. सटवोजी म्हणाला कीं मोरी पाण्याखालीं आहे, पाणी ओसरों द्या आणि पहा. महाराजांनीं ओसरों दिलें नाहीं. उभ्याउभ्या हुकूम केला कीं यास बारा वर्षें मुलखाबाहेर घालवा. ती तिथि श्रावण वद्य नवमी. नवरा गेला, आणि मग गांवानें तिचे घरावर दगड मारिले, कारण सतरा घरीं सुतक होतें आणि राग कोठें तरी जावयाचा होता. पदरीं तीन वर्षांची मुलगी. दुसरे वर्षीं बंजाऱ्यांचे तांड्याबरोबर निरोप आला कीं सटवोजी परमुलखांत खाणीवर तापानें मेला.

पुढें महाराजांचे राज्याचे तेरावे वर्षीं दुष्काळ पडला आणि तळें तळापावेतों आटलें. बांध नवा करावा म्हणोन खणूं लागले तों मोरी निघाली, ती जैशीची तैशी. सांध्यांत सुरी शिरेना. बांध फुटला होता तो तेथून वीस हात दूर, जेथें अंमलदारानें दगडाऐवजीं भुसभुशीत माती भरिली होती. महाराज स्वतः खालीं उतरले, सांध्यांवरून हात फिरविला आणि बहुत वेळ तेथेंच बसोन राहिले. अंमलदारास कैद जाहली. परंतु राजानें न पाहतां न्याय केला ही गोष्ट सदरेवर बोलूं नये, शेजारचा शत्रू टपला आहे, राजा चुकतो ऐसें ऐकोन त्यास बळ येईल, ऐसें मंत्र्यांनीं सांगितलें आणि महाराजांनीं तें ऐकिलें. मात्र त्या वर्षीं श्रावण वद्य नवमीस एक हुजऱ्या घेऊन ठकूबाईचे अंगणांत आले. त्या दिवशीं दुष्काळ फिटोन पाऊस पडत होता. ओसरीवर या म्हणोन तिनें म्हटलें नाहीं, म्हणोन अंगणांत दगडावर बसले, आणि सर्व सांगितलें. मंत्र्यांचें ऐकिलें तेंही सांगितलें, आणि म्हणाले कीं चारचौघांत बोलावयाची छाती मज झाली नाहीं. मग पाणी मागितलें. ती म्हणाली, "आभाळ देतें आहे, तें प्या."

ते उठले, हात जोडिले आणि गेले. दुसरे वर्षीं त्याच तिथीस पुन्हां आले, बसले, पाणी मागितलें, तिनें दिलें नाहीं. तिसरे वर्षीं आले. चौथे वर्षीं आले. गांवानें दुरोन पाहिलें कीं राजा या बाईचे अंगणीं येतो, मग तिचे घरावर दगड पडावयाचे राहिले आणि माणसें तिला वहिनी म्हणूं लागलीं. महाराज काय बोलत तें कोणास ऐकूं जात नसे, म्हणोन बहीण मानिली ही कथा गांवानें आपली आपण रचिली. ऐसीं आठ वर्षें गेलीं. नववे वर्षीं महाराज आले, केस कानांवर पांढरे जाहले होते, ताप अंगांत होता, तरी आले. तिनें आंतून तांब्या भरोन आणिला आणि पुढें ठेविला. म्हणाली, "आज त्यांची बारा वर्षें पुरीं झालीं असतीं. तुमचींही झालीं."

महाराज पाणी प्याले आणि तेथें रडले. मग त्यांनीं वचन दिलें तें ऐसें: "मी असतां माझें कोणी खरें लिहिणार नाहीं. मी गेलियावर माझी बखर होईल, तेव्हां तूं येऊन ही गोष्ट तींत घालीव. मला झालें नाहीं तें तूं कर." त्याउपरि तीस वर्षें येत राहिले, भाकर खात, मुलीचे लग्नांत उभे राहिले, आणि दरवर्षीं निघतांना विचारीत कीं, ध्यानांत आहे ना. गेल्या श्रावणांत पालखींतून आले, उतरवेना, तरी विचारिलें.

इतकें सांगोन ती म्हणाली, "दादा, मी बट्टा लावावयास आलें नाहीं. त्यांचें काम करावयास आलें आहें."

लिहिणारानें तेथेंच पायरीवर बसोन तिचे शब्द जैसे होते तैसे लिहिले, पदरचा एक घातला नाहीं. तो कागद कारभाऱ्यांस दाखविला. जिवाजीपंत दुष्ट माणूस नव्हते, थोरल्या महाराजांचे पदरीं तीस वर्षें राबले होते. कागद दोनदां वाचला आणि म्हणाले कीं असेलही खरें, परंतु धाकटे महाराज नवे, लोकांची थोरल्यांवरील माया हाच त्यांचा तट, त्याचा चिरा आपण होऊन काढावा काय. हा कागद बाहेर गेला तर तुझें सदरेवरचें लिहिणें संपलें. लिहिणार भ्याला. घरीं बायको, म्हातारी आई. दोन दिवस कागद पागोट्यांत ठेवून हिंडला. परंतु रोज सकाळीं सदर उघडे, आणि ती म्हातारी उठोन उभी राही, आणि तोच शब्द बोले. दिवसेंदिवस आवाज बारीक जाहला, शब्द मात्र तोच. आठवे दिवशीं लिहिणारास तो ऐकवेना. तडक देवडीवर गेला आणि थोरल्या आईसाहेबांचे जुने दासीचे हातीं कागद दिला.

आईसाहेब म्हणजे थोरल्या महाराजांची राणी, वय सहासष्ट. त्यांनीं त्याच दिवशीं ठकूबाईस आंत बोलाविलें, आणि लिहिणारास दाराशीं उभें केलें. मग आईसाहेब म्हणाल्या कीं श्रावणांत तो एक दिवस मला ठाऊक आहे; परत येत ते तोंड कोरडें घेऊन येत, मी पाणी पुढें करीं तर दुसरे दिवशीं स्नान होईतों शिवत नसत. आठ वर्षें ऐसें जाहलें. नववे वर्षीं ताप अंगांत असतां परत आले ते हंसत आले, आणि मजकडे जेवावयास मागितलें. "मी व्रत समजलें," आईसाहेब म्हणाल्या. "पन्नास वर्षें संसार केला, आणि विचारिलें नाहीं."

ठकूबाई म्हणाली, "विचारिलें असतें तर सांगितलें असतें. त्यांस सांगावयाचें होतें."

हें ऐकोन आईसाहेबांनीं तोंडावर पदर घेतला. मग विचारिलें कीं तुझा त्यांजवरचा राग गेला काय. ती म्हणाली, "राग गेला नाहीं, आईसाहेब. त्याचेशेजारीं माया येऊन राहिली." मग आईसाहेबांनीं तिला जेवूं घातलें आणि आपुले महालांत निजविली, आणि नातवास बोलावून कागद वाचावयास दिला.

पौष शुद्ध पंचमीस दरबार भरला. सदर, चौक, रस्ता, सर्व माणसांनीं भरले, झाडांवरही माणसें. आठवणी वाचल्या, शाल, पागोटें, घडा, आणि लोक हंसले व रडले. मग धाकटे महाराज उठोन उभे राहिले, आणि म्हणाले कीं आतां जें वाचलें जाईल तें थोरल्या महाराजांची आज्ञा म्हणोन ऐकावें. लिहिणारानें ठकूबाईचा कागद वाचला. वाचन मध्यावर आलें तों मागून आवाज उठला कीं खोटें आहे, बाई लबाड आहे, आणि चौघेजण पायऱ्यांकडे धांवले. तेव्हां चिकाचे पडद्याआडून आईसाहेब बाहेर आल्या, ज्या पन्नास वर्षांत सदरेवर दिसल्या नव्हत्या, आणि ठकूबाईचे शेजारीं येऊन उभ्या राहिल्या. धांवलेले जागचे जागीं थांबले. पुढील वाचन शेवटपर्यंत जाहलें.

वाचून संपलें, तों रायाजी पाटील पुढें आला. चौपन्न वर्षांचा माणूस, भारदस्त, गांवांत त्याचे शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यानें पागोटें काढून हातीं घेतलें आणि ठकूबाईकडे न पाहतां महाराजांस म्हणाला, "बहीण मानिली हें मी जाणून सांगितलें. ती कथा गेली तर मग आमचें काय केलें तें निघतें. हिचे घरावर दगड माझे बापानें मारिले. मी बारा वर्षांचा होतों, मीं वेंचून दिले." इतकें बोलोन तो खालीं बसला, आणि त्याचेनें उठवेना. सातवणीचीं दुसरीं माणसें होतीं त्यांनींही माना खालीं घातल्या. एक म्हातारी, जिचा भाऊ त्या सतरांत वाहिला होता, ती गर्दींतून वाट काढीत आली आणि ठकूबाईचा हात धरोन तिजपाशीं बसली.

धाकट्या महाराजांनीं हुकूम केला कीं पाषाणावरील कथा काढून टाकावी. सर्व मंडळी छत्रीपाशीं गेली. पाथरवट होते चार, त्यांनीं छिन्नी खालीं ठेविली. म्हणाले कीं महाराजांचे स्तुतीवर घाव घालावयास आमचा हात उचलत नाहीं, दुसरें कांहींही सांगा. त्यांस कोणी रागें भरलें नाहीं, कारण तेथील कोणाचाच उचलला नसता. मग ठकूबाईनें छिन्नी आणि हातोडा मागून घेतला. पाथरवटाची बायको, जन्मभर दगडांत वावरलेली, मोरीचे सांधे घासतांना नवऱ्याबरोबर बसलेली. घोंगडी बाजूस ठेवून पाषाणापुढें बसली आणि पहिला घाव घातला. घाव हलका, परंतु नेमका. अक्षर अक्षर करून तिनें तीन ओळी उतरविल्या. दिवस माथ्यावरून कलला, थंड वारा सुटला, लोक उभेच राहिले. मध्यें हात थकला तेव्हां थोरला पाथरवट पुढें येऊन म्हणाला कीं मावशी, आतां दे. ती म्हणाली कीं नवें तूं कोर, जुनें मला काढूं दे.

नवें काय कोरावें म्हणोन कारभाऱ्यांनीं लांब मजकूर सांगावयास आरंभ केला, तों ती म्हणाली, "बहुत नको." मग महाराजांचे मुखीं घालून इतकेंच कोरिलें: "शके सोळाशें एकेचाळीस श्रावण वद्य नवमीस आम्हीं न पाहतां न्याय केला. सटवोजी पाथरवट निर्दोष होता." जिवाजीपंतांनीं तें वाचून सांगितलें कीं अक्षर जरा खोल घ्या, पावसानें बुजेल.

दुसरे दिवशीं धाकट्या महाराजांनीं पालखी देऊं केली, ती तिनें नाकारिली, आली तैशी चालत गेली. रायाजी पाटील आपला घोडा हातीं धरून दोन दिवस तिचे मागें पायीं गेला. वाटेंत दोघे काय बोललीं, किंवा बोललीं कीं नाहीं, हें ठाऊक नाहीं.

कारभाऱ्यांस भय होतें तैसें कांहीं जाहलें नाहीं. शेजारचा शत्रू जैसा होता तैसा राहिला. छत्रीपाशीं माणसें पूर्वीं येत तीं येत राहिलीं, धनगर आले, परीट आला, आणि वाचतां येत नसेल तो दुसऱ्याकडून वाचवून घेई. पुढील वर्षीं मात्र तीन माणसें सदरेवर आलीं आणि म्हणालीं कीं आमचेही जुने निकाल चुकले आहेत, पुन्हां पहावे. धाकट्या महाराजांनीं पाहिले. दोन बरोबर होते, एक फिरविला.

एवंच थोरल्या महाराजांनीं एकावन वर्षें राज्य केलें, प्रजेनें त्यांजवर बहुत माया केली, न्याय त्यांनीं असंख्य केले, त्यांत एक चुकला, आणि तो येथें लिहिला आहे. मजकूर पुरा.